फटफटी विकायची नाही

८ नोव्हेंबर १९५९, रविवार

विकायची नाही! तोंडातून निघून गेलं आणि मग माझं मलाच कळलं की मी भर ओट्यावर उभी आहे. समोर पुण्याचं गिऱ्हाईक, थोरले भाऊजी, आणि खांबाला टेकून बसलेला माझा नवरा.

गिऱ्हाईक गोठ्यात जाऊन फटफटी बघून आलं होतं. भाऊजींनी — हैबतरावांनी — परस्पर सगळं ठरवलेलं. मला म्हणाले, "लीलाबाई, तुमी आत व्हा. आंधळ्याच्या दारात फटफटी ठिवून काय करायचीय? चालीवनार कोन तिला?"

"मी."

गिऱ्हाईक हसलं. भाऊजी हसले नाहीत. आणि मग खांबापासून आवाज आला. तो हसत होता! दीड वर्षात पहिल्यांदा.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. कागदावर कोण ऐकतंय? जयसिंग. जयसिंग. जयसिंग.

९ नोव्हेंबर

काल रागाच्या भरात बोलले. आज गोठ्यात जाऊन नीट बघितलं. केवढं ते धूड! टाकीवर कोंबडी बसलेली, चाकांत हवा नाही, हँडलला कोणीतरी दावं अडकवलेलं.

लढाईत जयसिंग फटफटीवरून निरोप न्यायचा. इटलीत, चिखलातून, तोफा चालू असताना. घरी आल्यावर काही वर्षांनी तसलीच एक मिलिटरीच्या लिलावात घेतली. "हिच्यावर बसलो की डोकं गप ऱ्हातं," म्हणायचा. गेल्या साली उन्हाळ्यात आमच्याच विहिरीतला सुरुंग उशिरा उडाला. हा वाकून बघत होता. तेव्हापासून तो खांब आणि हा. लोक येतात आणि त्याच्या डोक्यावरून बोलतात — जसे काही डोळ्यांबरोबर कानही गेले.

संध्याकाळी मला म्हणाला, "खरंच चालीवनार?"

"शिकवाल तर."

"बस बघू. पाय टेकत्यात का?"

नाही टेकत. त्यानं खाली बसून माझी टाच आणि जमीन यांच्यात बोटं घातली. "चार बोटं कमी. मंग गाडी चार बोटं खाली आनू. त्यात काय!"

१४ नोव्हेंबर, शनिवार

पौडला मी शिकवते ती सकाळची शाळा सुटल्यावर धावतच आले. दोन मैल कधी संपले कळलं नाही.

सीटखालच्या दोन्ही स्प्रिंगा त्यानं काढून ठेवल्या होत्या. एकट्यानं! पान्याचे आकडे बोटांनी वाचतो. एक नट हातातून निसटून कडब्यात गेला तर अर्धा तास कडबा चाळत बसला, पण मला हाक मारली नाही. आता सीट थेट सांगाड्यावर बसवली. खाली वाकळेचे तुकडे. बसले. दोन्ही पाय टेकले! पूर्ण तळवे!

"ह्याला पैसा लागला का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"लागनारबी न्हाई. गावात मोडकं लई पडलंय."

१५ नोव्हेंबर

भात कापून झालेल्या खाचरात शिकायचं ठरलं. मऊ जमीन, पडलं तरी बरं. पडले. तीनदा. तिसऱ्यांदा बांधावरून पलीकडच्या खाचरात. जयसिंग बांधावर उभा राहून आवाजावरून सांगतो — "किलच सोडलीस झटक्यात!" "आता घाबरलीस, हात आवळलास!" कसं कळतं त्याला?

पातळाचा पदर साखळीत गेला. अर्धं पातळ फाटलं. शाळेचं होतं.

आत्याबाई — सासूबाई, गोजराबाई — चुलीपुढून म्हणाल्या, "लुगडं नेस की. कासोटा कशाला आसतो?" एवढंच. वर बघितलंसुद्धा नाही.

१८ नोव्हेंबर

नऊवारी नेसून बसले. खरंच सोपं! शहाणपण शिकायला मी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेले आणि कासोटा घरातच होता.

तरी साखळीला झाकण हवंच. घासलेटचा रिकामा डबा कापून जयसिंगनं पत्रा वाकवला. कडा ठोकून बोथट केल्या. बोट फिरवून फिरवून बघत होता, मला कुठं लागेल का म्हणून. त्याच्याच बोटाला दोन ठिकाणी कापलं.

२२ नोव्हेंबर, रविवार

आज कोंडिबाच्या भात्यावर. कोंडिबा आमचा गावचा लोहार. जयसिंगनं आपल्या गोठ्यामागं पडलेली बैलगाडीच्या चाकाची जुनी धाव खांद्यावर घेतली, माझ्या दंडाला धरलं आणि निघालो. भर गावातून. पारावरची सगळी तोंडं वळली.

कोंडिबा म्हणाला, "ह्या लोखंडाचं काय करायचं मालक?"

"इंजनाच्या दोनी बाजूंनी कडं. गाडी आडवी झाली तर कड्यावर पडल, बायकोच्या पायावर न्हाई."

जयसिंगनं वितीनं मापं सांगितली. कोंडिबानं धाव लाल करून वाकवली. पहिल्यांदा एक बाजू लांब झाली, परत भात्यात घातली. मग डांबराच्या पिंपाचं बूड कापून इंजिनाखाली पत्रा बसवला, दगड लागू नये म्हणून. कोंडिबा सारखा माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "बाई, तुमी खरंच हाकनार ही?"

"खरंच."

"मंग पत्रा दुहेरी लावतो."

मजुरी घेतली नाही. म्हणाला, गाडी घाट चढून आली तर लोक विचारतील कोणी केलं.

घाट? कुठला घाट? मी जयसिंगकडे बघितलं. तो पत्रा चाचपत होता.

२३ नोव्हेंबर

विचारलंच. म्हणाला, "ताम्हिणी. कड्यापातुर जायचं, आन् जमलं तर खाली. कोकनात."

"तिकडं काय काम?"

"काम न्हाई. हिंडायला."

हिंडायला! आमच्या घरात कोणी हिंडायला गेलं नाही. लोक लग्नाला जातात, मयतीला जातात, कोर्टात जातात. ताम्हिणीच्या पुढं तर लाकडं काढायला केलेली गाडीवाट आहे नुसती, कोळशाच्या लॉऱ्या जातात तेवढ्याच.

"तुम्हाला काय..." म्हणता म्हणता थांबले.

"दिसनार न्हाई," त्यानंच पुरं केलं. "तू बघ. मला सांग."

नाताळच्या सुट्टीत जायचं. ठरलं!

२९ नोव्हेंबर

एक फजिती. ओढ्यात पाणी शिरू नये म्हणून धुराचं नळकांडं वर वळवलं. माझी पोटरी भाजली. जयसिंगनं त्यावर गोणपाट गुंडाळलं. पाच मिनिटांत गोणपाट धुमसायला लागलं आणि मी पेटत्या फटफटीवरून पाणवठ्याच्या बाजूला! बायकांनी हंडे टाकून पळ काढला. मग एकीनंच परत येऊन कळशीभर पाणी ओतलं. आता गोणपाट काढून बोटभर अंतर सोडून पत्रा लावलाय. हवा खेळते, पाय वाचतो.

भाऊजी म्हणाले, "पाटलाच्या घरची बाई गावाला तमाशा दावती."

"आग विझली भाऊजी," म्हटलं. "तमाशा संपला."

५ डिसेंबर, शनिवार

लायसन! पुण्यापर्यंत आम्ही दोघं गेलो. बावधनपाशी एक बैलजोडी बुजली तेवढंच. मी चालवते, जयसिंग मागं. इंजिनाचा आवाज ऐकून तो खांद्यावर थाप मारतो. उजव्या खांद्यावर एक थाप — गिअर वर टाक. डाव्या — खाली. दोन्ही खांद्यांवर — थांब! मला आता आवाज थोडाथोडा कळायला लागलाय, पण थाप आली की बरं वाटतं.

लायसनच्या कचेरीतल्या साहेबांनी कागद बघितला, मला बघितलं. "घरी कोणी पुरुष नाही का?"

"आहे. मागं बसतो."

मैदानात गाडीनं इंग्रजी आठाचा आकडा काढायला लावला. दोनदा. पाय टेकला नाही. साहेबांनी सही करताना मान हलवली, पण सही केली.

७ डिसेंबर

हेडमास्तरांनी बोलावलं. "लीलाबाई, शाळेच्या प्रतिष्ठेचं बघा."

"रोज घंटेच्या आधी येते. तेवढं बघा," म्हटलं.

बाहेर आले आणि सरळ वर्गावर गेले. 

१३ डिसेंबर, रविवार

सामानाच्या पिशव्या तयार. विहिरीवर आता मोट चालत नाही. तिचं कातडं माळ्यावर पडून होतं. पाण्याचंच कातडं ते, पावसाला कशाला भिईल? जयसिंगनं भिजवून मऊ केलं, आरीनं शिवलं. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक पिशवी. त्याच्या सीटवर पेंढा भरलेली गादी, तिलाही तेच कातडं. पुढच्या दिव्यावर जुन्या चाळणीची जाळी. क्लचच्या तारेशेजारी दुसरी तार आधीच बांधून ठेवली. ही लष्करातली युक्ती. एक तुटली की जागच्या जागी दुसरी जोडायची. सुंभाचं वेटोळं घेतलंय. मातीत चाक फिरायला लागलं की टायरभोवती गुंडाळायचं.

आणि किक मला जमली! महिनाभर तोच मारत होता. आज उडी मारून पूर्ण वजन टाकलं. फट् फट् फट्! खाली उतरून मी नाचलेच. त्याला दिसलं नाही पण बहुतेक कळलं.

शिवताना तो शीळ घालत होता. आत्याबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मी बघतेय कळल्यावर सूप घेऊन आत गेल्या.

२४ डिसेंबर

उद्या निघायचं आणि गाडी चालू होईना! मी किक मारून मारून दमले. जयसिंगनं इंजिनावरून हात फिरवला. फिरवला आणि थांबला.

"प्लगची वायर न्हाई."

पडली नव्हती. काढलेली होती. कोणी ते दोघांनाही कळलं. जयसिंगचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता उठून परत त्या खांबाशी जाईल.

मी सरळ भाऊजींपुढं जाऊन उभी राहिले. "वायर द्या."

"कसली वायर? आन् मी सांगतो, त्या कड्यावरून त्याला खाली घातलंस तर या दारात पाय ठिवायचा न्हाई. आंधळ्या मानसाला तितं कोन बघनार? तुजं काय, शाळा शिकवून पोट भरशील. भाऊ माजा हाय!"

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज फाटला. ते मला आवडलं नाही. नुसते दुष्ट असते तर सोपं होतं.

"नवरा माझा आहे," म्हटलं आणि वळले.

माजघरात आत्याबाईंनी हाक मारली. कणगीत कोपरापर्यंत हात घालून भातातून वायर काढली आणि माझ्या हातात दाबली. "हैबतीला सांगू नगं, मी दिली म्हनून. दोगंबी माजंच हायेत." मग म्हणाल्या, "भाकरी किती बांदू?"

२५ डिसेंबर, शुक्रवार. माणगाव

उतरलो! घाट उतरलो! हात अजून हँडल धरल्यासारखे वळलेले आहेत, अक्षर वाकडं येतंय.

सकाळी धरणाच्या पाण्याकडेनं निघालो. धुळीत चाक दोनदा फिरलं, एकदा आडवे झालो. कोंडिबाच्या कड्यावर पडली गाडी, पाय शाबूत. ताम्हिणीच्या अलीकडं माळावर एक धनगर कुटुंब. म्हसू आणि त्याची बायको तानूबाई. आवाजानं त्यांची मेंढरं चौफेर उधळली. म्हसू काठी घेऊनच आला. मी उतरले तसा काठी खाली करून उभा राहिला.

"बाई हाय!" बायकोला ओरडून म्हणाला. "बाई हाकती!"

तानूबाईनं गाडीभोवती चक्कर मारली. "तुमी हाकता आन् धनी मागं बसत्यात?"

"हो."

"लई ब्येस. हे मला मेंढरामागं पुढं घालून सोता मागनं येत्यात, त्यापरीस बरं." म्हसू हसला. मेंढरं गोळा करायला मीही धावले, बरीच वरपर्यंत. ताक दिलं त्यांनी, लोटा भरून.

मग कडा. इंजिन बंद केलं. वारा एवढा की पदर कानावर फटफटत होता.

"काय दिसतंय?"

"कोकण."

"आसं न्हाई. नीट सांग."

मी सांगायला लागले. खाली झाडी, एकावर एक डोंगर, लांबचे फिके होत गेलेले. तो म्हणाला, "फिके म्हंजे?" म्हटलं, "दौतीत पाणी जास्त झालं की शाई होते ना, तसे. शेवटचा डोंगर तर नुसतं पाणीच." त्यानं मान हलवली. बराच वेळ तसाच तोंड करून उभा होता, जिकडं मी बोट दाखवलं होतं तिकडं बरोबर.

उतरताना पहिला गिअर, ब्रेकवर पाय, दातावर दात. एकदा खालून ठण्ण! दगड. पिंपाचा पत्रा चेपला, इंजिनाला ओरखडाही नाही. दुहेरी पत्रा!

निम्म्या उतारावर वळणात कोळशाची लॉरी आडवी. ड्रायव्हर भिकू दगडावर बसून विडी ओढत होता. "सकाळपास्नं बंद हाय. तुमचीबी गाडी जायाची न्हाई."

जयसिंग म्हणाला, "हँडल मार."

"तुमाला काय..."

"मार की."

भिकूनं हँडल मारलं. लॉरी दोनदा खोकून गप्प. जयसिंगनं मला म्हटलं, टाकीपाशी ने. तिथून पेट्रोलच्या नळीवर बोटं ठेवून तो इंचाइंचानं पुढं सरकत गेला, लॉरीखाली पाठीवर झोपून. "परत मार." एका जोडापाशी कान लावला. "हितं हवा खाती. चीर पडलीय. साबन हाय का धुन्याचा?" माझ्या पिशवीत होता. साबण मळून चिरेत भरला, वरून लुगड्याची चिंधी आवळली. "आता मार."

लॉरी चालू! भिकू तोंड उघडं ठेवून बघत राहिला. "मालक, डोळं न्हाईत आन्..."

"डोळं आसते तर मीबी तुझ्यावानी समोर बघत बसलो आसतो," जयसिंग म्हणाला.

लॉरीच्या मागं मागं माणगावात आलो. भिकूच्या मालकाचं गॅरेज आहे, त्याच्या मागच्या खोलीत उतरलोय. जयसिंग अंघोळ करून बाहेर पडवीत भिकूशी गप्पा मारतोय. मोठ्यानं. किती दिवसांनी ऐकतेय तो आवाज!

२६ डिसेंबर

गॅरेजच्या मालकांचा भिकूवर विश्वास बसेना. सकाळी जयसिंगपुढं तीन इंजिनं चालू करून ठेवली. पहिल्याला म्हणाला वाल्व ठोकतोय. दुसऱ्याला काही झालेलं नाही, उगाच उघडू नका. तिसऱ्यावर नुसता हात ठेवला आणि म्हणाला, हे विकून टाका.

मालक हसत सुटले. "माझ्याकडं डोळेवाले चार आहेत. कानवाला एकही नाही. येता का कामाला?"

 जेवताना जयसिंगनं घास दोनदा ताटाबाहेर नेला. मन जागेवर नव्हतं.

२७ डिसेंबर, रविवार

परत आलो. चढाला सुंभ बांधून चढलो. एक तार तुटली, शेजारची जोडली. गावात शिरताना मुद्दाम पारावरून गाडी घातली. सावकाश! भाऊजी दारात होते. बाजूला झाले. पाय ठेवायचा नाही वगैरे काही निघालं नाही. भावाच्या अंगावरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, हात-पाय मोजल्यासारखी, आणि आत गेले.

३ जानेवारी १९६०, रविवार

माणगावहून कार्ड. मीच वाचून दाखवलं. महिनाअखेर या, जागेची सोय आहे.

मी लगेच हिशेब मांडायला लागले. बदली मिळणार नाही, जिल्हाच वेगळा. म्हणजे राजीनामा. मग तिकडं कुठं खासगी शिकवण्या. बोलत सुटले होते. तो म्हणाला, "तू कशाला? तुजी शाळा हाय. मी जातो."

"एकटे?"

"व्हय."

आणि मी म्हणाले... लिहायलाही नको वाटतं. लिहितेच. मी म्हणाले, "आंधळ्या माणसाला तिथं कोण बघणार?"

शब्दन् शब्द भाऊजींचा.

जयसिंगनं माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "आता तूबी?"

१० जानेवारी

बोलत नाही आम्ही. मला राग आलाय आणि तो जात नाही. दोन महिने गावाच्या तोंडाला तोंड दिलं, ते काय त्याला लांब पाठवायला? तव्यावरची भाकरी करपवली, शाळेत मुलींवर ओरडले. मूल नाही आम्हाला. तो गेला की या घरात मी कोण?

आज भाऊजी म्हणाले, "लीलाबाईचं बरूबर हाय. काय गरज हाय जायाची?" पहिल्यांदा माझी बाजू घेतली त्यांनी! अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

१७ जानेवारी, रविवार

सांगून टाकलं. मी नेणार नाही. जायचंच तर कोळशाच्या लॉरीनं जावं.

"जाईन," म्हणाला.

गोठ्यात गेले तर मोटेच्या उरलेल्या कातड्याची एक लांब पट्टी अंथरलेली. त्याला त्यानं कप्पे शिवलेत. प्रत्येक पान्याला त्याच्या मापाचा कप्पा. चिमट्याला वेगळा, आरीला वेगळा. गुंडाळलं की काखेत मावेल एवढं. सगळं एकट्यानं, मी शाळेत असताना. प्रत्येक कप्प्याच्या तोंडाशी गाठी मारल्यात. एक, दोन, तीन. बोटाला कळायला, कुठला कुठं ते.

मी गाठी मोजत बसले. कोणाला विचारायची गरज पडू नये म्हणून मारलेल्या गाठी. मलासुद्धा.

हाच माणूस दीड वर्षं खांबाला टेकून बसला होता. तेव्हा तो कुठं जाणार नव्हता. तेव्हा मी निर्धास्त होते का?

हो. थोडी होते.

२४ जानेवारी, रविवार

मीच नेऊन सोडलं.

काल गेलो, आज आले. मागच्या सीटवर कोणी नाही. गाडी इतकी हलकी की घाट झरझर चढला. गिअर माझ्या मनानं टाकले, एकही चुकला नाही.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. माझ्या तोंडावरची धूळ पदरानं पुसली. "लई रडलीस का गं, पोरी?"

"हो," म्हटलं.

खोटं. अख्खा घाट मी गात आले.